विल्यम वॉर्ड : मैदान विकत घेणारा माणूस



व्याख्यानमालेची पत्रिका छापून आली, त्या संध्याकाळी एका ज्येष्ठ सभासदांचा मला फोन आला. म्हणाले, "अहो, आपली साहित्य सभा. इथे तुकोबांवर बोलतात, केशवसुतांवर बोलतात, फार झाले तर पानिपतावर बोलतात. तुम्ही हा कोण विल्यम वॉर्ड काढलात? आणि तोही क्रिकेटवाला?" मी म्हटले, काका, तुम्ही या, पहिल्या रांगेत बसा, आणि नाही आवडले तर मधेच उठून जा; मला वाईट वाटणार नाही. ते आलेले आहेत, पहिल्या रांगेत बसलेले आहेत. तेव्हा माझी परीक्षा आहे.

पण खरे सांगायचे तर इंदुरात क्रिकेटवर बोलायला कोणी माफी मागायची गरज नाही. हे गाव होळकर संघाचे. १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत या संघाने चारदा रणजी करंडक जिंकला. सी. के. नायडू १९६७ साली इथेच वारले, तेव्हा मी शाळेत होतो. मुश्ताक अली तर आम्हाला रस्त्यात दिसत. आम्ही पोरे सायकली थांबवून बघत उभे राहायचो. माझा आजचा नायक मात्र यांच्यापैकी कोणाच्याही शंभरेक वर्षे आधीचा, लंडनचा, आणि धंद्याने पेढीवाला. माझी सारी नोकरी बँकेत गेली. क्रिकेट मी वाईट खेळलो आणि बँकेत बरे काम केले. वॉर्डने दोन्ही गोष्टी उत्तम केल्या, म्हणून पहिल्यांदा मला त्याचे कुतूहल वाटले. त्याच्याबद्दल बोलावेसे का वाटले, ते कारण वेगळे आहे. ते पुढे येईल.

आधी एका शब्दाचा खुलासा. इंग्रजीत ज्याला 'अमॅच्युअर' म्हणतात त्याला आपण 'हौशी' म्हणतो. आपल्या या शहराला हा शब्द नाटकामुळे चांगला परिचयाचा आहे. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून रात्री तालमीला जाणारा तो हौशी नट. आपल्याकडे हौशी म्हणजे पदरमोड करणारा. इंग्लंडात त्या शब्दाला आणखी एक पदर होता, तो जातीसारखा होता. तिथे 'जंटलमन' म्हणजे पैसे न घेता खेळणारा, आणि 'प्लेयर' म्हणजे पैसे घेऊन खेळणारा. या दोघांचे सामने १८०६ साली सुरू झाले आणि १९६२ पर्यंत चालले. धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाला मानाची जोड असे, पगारी खेळाडूचे नुसते आडनाव. दोघे एकाच संघात, एकाच बाजूने खेळत, पण एकाला साहेब म्हणायचे आणि दुसऱ्याला नुसते हाकारायचे. आपल्याला हे समजायला फार वेळ लागू नये. आपल्याकडे हौसेला मोल नाही म्हणतात. तिकडे मोल घेतले नाही हीच मुळी प्रतिष्ठा होती. ती परवडायला घरी पैसा असावा लागे.

वॉर्डच्या घरी तो होता. २४ जुलै १७८७ रोजी लंडनच्या उत्तरेला, इझलिंग्टनमधल्या हायबरी प्लेस येथे त्याचा जन्म झाला. वडील जॉर्ज वॉर्ड हे लंडनचे मोठे व्यापारी, आइल ऑफ वाइट बेटावर त्यांची जमीनजुमल्याची इस्टेट. योगायोग असा, की त्याच १७८७ साली थॉमस लॉर्ड नावाच्या यॉर्कशरहून आलेल्या एका दारूच्या व्यापाऱ्याने लंडनमध्ये आपले पहिले क्रिकेटचे मैदान सुरू केले आणि मेरिलबोन क्रिकेट क्लब, म्हणजे आपण ज्याला एम.सी.सी. म्हणतो, तो क्लबही त्याच सालचा. म्हणजे हा मुलगा, तो क्लब आणि ते मैदान, तिघे समवयस्क.

शिक्षण विंचेस्टरच्या शाळेत झाले. पुढे पोराला धंद्याला लावायचे म्हणून बापाने अँटवर्पला एका पेढीत काम शिकायला पाठवले. आपल्याकडे मारवाडी पेढीवर मुलाला आधी दुसऱ्याच्या गादीवर बसवतात, तसेच. परत आल्यावर १८१० साली वडिलांनी त्याला भागीदार करून घेतले. त्याच वर्षी तो मोठ्या सामन्यांतही खेळू लागला. पेढी आणि पटांगण, दोन्ही खाती एकाच वर्षी उघडली. १८१७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आतबाहेर, तो बँक ऑफ इंग्लंडचा संचालक झाला. त्याचा हातखंडा विषय होता हुंडणावळ. कोणत्या देशाच्या हुंडीला आज काय भाव आहे, उद्या काय होईल, याचे ज्ञान त्याला फार अचूक होते. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. नेपोलियनशी चाललेल्या लढायांपायी १७९७ पासून बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोने देणे थांबवले होते. युद्ध संपले, आता सोने पुन्हा द्यायचे की नाही आणि कसे, यावर १८१९ साली पार्लमेंटच्या समित्या बसल्या, त्यांच्यापुढे वॉर्डची साक्ष झाली. आणि मग दुसऱ्या वर्षी, १८२० साली, त्याने ती खेळी केली.

ती खेळी थोडी सावकाश सांगतो. पहिल्या रांगेतल्या काकांनी क्षमा करावी.

लॉर्ड्सचे मैदान तेव्हा सेंट जॉन्स वुडमध्ये येऊन सहा वर्षे झाली होती. ही लॉर्डची तिसरी जागा. पहिली भाडेपट्टा संपला म्हणून गेली, दुसरीतून कालवा काढायचे ठरले म्हणून गेली. एम.सी.सी. विरुद्ध नॉर्फोक असा सामना २४ जुलैला सुरू झाला, म्हणजे वॉर्डच्या तेहतिसाव्या वाढदिवशी. आजचे क्रिकेट डोळ्यांपुढे आणू नका. गवत कापायला यंत्र निघायचे होते, मेंढरे चरत तेवढेच गवत कमी. खेळपट्टीवर खडे. पायाला पॅड नाहीत, हाताला मोजे नाहीत. षटक चार चेंडूंचे. चेंडू टाकायचा तो खालून हात फिरवून. सीमारेषा ठरलेली नाही, त्यामुळे चौकार मारून जागच्या जागी उभे राहायची सोय नाही. धाव हवी तर पळा. गोलंदाजाची अवस्था तर अशी, की झेल गेला तर धावफलकावर झेल घेणाऱ्याचे नाव, चेंडू टाकणाऱ्याचे नाहीच.

वॉर्ड उंच आणि अंगाने भक्कम होता. त्याची बॅट चार पौंडांची, आपल्या मापात जवळजवळ एक किलो आठशे ग्रॅम. आजच्या फलंदाजाला असली बॅट दिली तर तो ती कपडे धुवायला ठेवील. त्या बॅटीने वॉर्डने २७८ धावा केल्या. मोठ्या सामन्यात कोणी द्विशतक केल्याची ही पहिली नोंद. संघाच्या धावा झाल्या ४७३. नॉर्फोकच्या पहिल्या डावात ९२. फॉलोऑनचा नियम यायला अजून पंधरा वर्षे होती, म्हणून एवढी आघाडी घेऊनही एम.सी.सी.ला पुन्हा खेळावे लागले. त्यांनी १०८ केल्या आणि नॉर्फोक दुसऱ्यांदा ७२ धावांत संपला. ४१७ धावांनी जय. नॉर्फोकच्या दोन्ही डावांची बेरीज १६४. एकट्या वॉर्डच्या धावा त्याहून ११४ नी जास्त.

हा विक्रम पुढे छप्पन्न वर्षे टिकला. १८७६ साली डब्ल्यू. जी. ग्रेसने कँटरबरीला ३४४ केल्या तेव्हा तो मोडला. पण खुद्द लॉर्ड्सवरचा उच्चांक म्हणून २७८ हा आकडा १९२५ पर्यंत होता, त्या वर्षी यॉर्कशरच्या पर्सी होम्सने नाबाद ३१५ केल्या. एकशे पाच वर्षे! आपण इथे विक्रमांची उलथापालथ दर आठवड्याला वाचतो, म्हणून ही मुदत मुद्दाम सांगितली.

याच सामन्यात हरलेल्या बाजूला एक सोळा वर्षांचा पोरगा होता, फुलर पिल्च. पेशाने शिंपी. वॉर्ड दिवसभर पळत होता तेव्हा त्याच्या मागे चेंडू आणायला जे धावत होते त्यांत तो. पुढे हाच पिल्च आपल्या पिढीचा सर्वांत मोठा फलंदाज ठरला, आणि केंटमधल्या टाउन मॉलिंगने त्याला वर्षाला शंभर पौंड देऊन बोलावून नेले. शंभर पौंड त्या काळी कारागिराला भरपूरच. पण वॉर्डचा क्रिकेटवरचा खर्च आणि पैजा यांच्यापुढे ती चिल्लर होती. एक जण खेळासाठी पैसे मोजत होता, दुसरा खेळून पैसे मिळवत होता, आणि खेळ मात्र दुसऱ्याला जास्त येत होता. वॉर्डला हे कळत होते, असे मला वाटते. का, ते लवकरच सांगतो.

आता १८२५ साल.

त्या वर्षी इंग्लंडात सट्ट्याला ऊत आला होता. दक्षिण अमेरिकेतल्या खाणी, कर्जरोखे, कालवे, घरे, ज्याला त्याला कशात तरी पैसा घालायचा होता. लंडन उत्तरेकडे सरकत होते आणि सेंट जॉन्स वुड घरे बांधायला उत्तम जागा ठरली होती. थॉमस लॉर्ड सत्तरीला आलेला. त्याने हिशेब केला आणि मैदानाच्या बहुतेक भागावर घरे बांधायची परवानगी जमीनमालकांकडून मिळवली. खेळासाठी मधला लहानसा तुकडा राहणार होता. लॉर्डला मी दोष देत नाही. तो धंदेवाला माणूस, जमीन त्याच्या पट्ट्याची, म्हातारपण समोर. आपणही तेच केले असते.

वॉर्डला हे कळले. तो बँक ऑफ इंग्लंडचा संचालक, शहरातल्या बड्या माणसांपैकी. आख्यायिका अशी आहे, की त्याने लॉर्डला विचारले, किती हवेत? लॉर्ड म्हणाला, पाच हजार. वॉर्डने चेकबुक काढले. संवाद शब्दशः असाच झाला असेल असे नाही, पण पाच हजार पौंड देऊन भाडेपट्टा वॉर्डने घेतला हे खरे. त्याच जुलैत, विंचेस्टर आणि हॅरो या शाळांच्या सामन्यानंतर रात्री मैदानावरचे लाकडी पॅव्हेलियन जळून खाक झाले. क्लबची सारी दप्तरे, जुने धावफलक, सगळे त्यात गेले. आणि डिसेंबरात सट्ट्याचा फुगा फुटला. गावोगावच्या पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीतले सोने तळाला गेले, इतके की पूर्वीच्या, पडून राहिलेल्या एक पौंडाच्या नोटा पेट्यांतून काढून बाजारात सोडाव्या लागल्या. ज्या गृहस्थाने त्या वर्षी मैदानासाठी पाच हजार मोजले, तो हा सगळा प्रसंग संचालकांच्या मेजाशी बसून बघत होता. बँकेतल्या माणसाला विचारा, डिसेंबर १८२५ मध्ये तो पाच हजारांचा व्यवहार कसा दिसला असेल. वाया गेलेला पैसा. न उगवणारी जमीन.

मित्रहो, इथे मी थोडा थांबतो, कारण माझे कारण इथे आहे.

आमच्या वाड्यामागे एक मोकळे पटांगण होते. नाव सांगत नाही. ज्यांना आठवते त्यांना आठवेल. त्याला मैदान म्हणणे जास्तच, एका बाजूला चढ, मधे एक कडुलिंब, तो आमचा गलीचा क्षेत्ररक्षक. तिथे मी, माझा भाऊ, आजूबाजूच्या तीन मोहल्ल्यांतली पोरे खेळलो. मराठी, माळवी, बोहरी, सिंधी, सगळी. चेंडू शेजारच्या मावशींच्या ओटल्यावर गेला तर मावशी तो पोळपाटाखाली दाबून ठेवायच्या आणि दिवाळीला एकदम सगळे परत करायच्या. पुढे मी बँकेत लागलो, कर्जाच्या खात्यात बसलो. एके दिवशी टेबलावर एक फाईल आली. जागेच्या मालकाने जमीन एका बांधकाम करणाऱ्याला दिलेली, त्याला कर्ज हवे. कागद स्वच्छ. तारण उत्तम. परतफेडीची शंका नाही. त्या कर्जाची शिफारस मी लिहिली. नियमाप्रमाणे लिहिली, काही गैर केले नाही. पण त्या टिपणात जागेचे वर्णन करताना मी दोन शब्द लिहिले होते, ते मला आजही दिसतात. 'रिकामी जागा.'

रिकामी! तिथे आमचा कडुलिंब उभा होता.

तिथे आता तीन मजली दुकाने आहेत. मी स्वतः तिथून चष्मा घेतला आहे. माझी सही नसती तर दुसऱ्या कोणाची असती, हे मला कळते. पण वॉर्डची गोष्ट मी निवृत्तीनंतर वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लॉर्ड्स आले नाही, ती फाईल आली. तोही पेढीवाला होता. त्यालाही तारण, भाव, परतावा माझ्यापेक्षा शंभरपट कळत होता. आणि त्याने त्या जागेला रिकामी म्हटले नाही.

याचा अर्थ तो संत होता असा नाही. पाच हजार पौंड त्याला परवडत होते, मला पाचशे रुपये परवडले नसते. शिवाय मैदान त्याने दान केले नाही. पट्टा स्वतःच्या नावावर ठेवला, दहा वर्षे सांभाळला. खेळावर पैजा लावणे हा त्या काळच्या जंटलमनांचा नित्यनेम, आणि वॉर्ड त्याला अपवाद नव्हता. त्याच्याभोवती आरती ओवाळण्याची मला इच्छा नाही.

आणि त्याच्या पैशाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो, तोही सांगायला हवा. १८२६ साली वॉर्ड लंडन शहरातून टोरी पक्षाचा खासदार म्हणून निवडून आला. १८३० साली, पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या इच्छेवरून, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. वेलिंग्टन म्हणजे आपल्या इतिहासातला असईचा वेल्स्ली, हे मराठी माणसाला सांगायला नको. कंपनीची सनद १८३४ मध्ये संपणार होती. चीनशी व्यापार करण्याचा मक्ता कंपनीकडेच ठेवायचा की सर्वांना मोकळा करायचा, हा मुख्य प्रश्न. पुढे १८३३ च्या कायद्याने तो मक्ता गेला आणि कंपनीचा व्यापारच बंद झाला.

आता चीनच्या व्यापाराचा इंदूरशी काय संबंध? माळव्यात ज्यांच्या आजे-पणज्यांची शेते होती त्यांना संबंध सांगायला नको. चहा यायचा चीनहून आणि चीनला जायची अफू. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्यात. आपली माळव्याची अफू संस्थानी मुलखातली, कंपनीच्या हातात पूर्ण न येणारी. ती अडवायचे प्रयत्न फसल्यावर १८३० च्या सुमारास कंपनीने पासाची पद्धत काढली. पेटीमागे कर भरा, पास घ्या आणि माल इंदूरवरून मुंबईला न्या. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांची संपत्ती याच चीनच्या व्यापारातून उभी राहिली. इंदूर-उज्जैनच्या सराफ्यातही तिचा वाटा झिरपला. वॉर्डने अफू विकली असे मी म्हणत नाही. पण ज्या मेजाभोवती हे प्रश्न मांडले गेले, त्याच्या शेवटाला लॉर्ड्सवर २७८ करणारा माणूस बसला होता. लंडनच्या एका मैदानाचे गवत वाचवणारा हात आणि आमच्या शेतात काय पिकेल हे ठरवणाऱ्या कागदांवरून फिरणारा हात एकच. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या आहेत आणि मला त्या एकमेकींत मिसळता येत नाहीत. शेजारी शेजारी ठेवता येतात.

बरे, आता जरा हसू.

१८३७ साली लॉर्ड्सवर जंटलमन आणि प्लेयर यांचा सामना ठरला. मी मघाशी म्हटले, की पगारी खेळाडू जास्त चांगले खेळतात हे वॉर्डला कळत होते. एकास एक खेळले की हौशी मंडळी हरणार हे ठरलेले. पूर्वी हौशींच्या बाजूला सोळा-सतरा माणसे देऊन पाहिले होते. वॉर्डने नवी युक्ती काढली. हौशींनी नेहमीच्या यष्ट्या राखायच्या, सत्तावीस इंच उंच आणि आठ इंच रुंद. पगारी खेळाडूंनी मात्र चार यष्ट्यांचा प्रचंड सांगाडा राखायचा, छत्तीस इंच उंच, बारा इंच रुंद! लोकांनी त्याला 'कोठाराचे दार' म्हटले. एवढे करून निकाल काय लागला? पगारी खेळाडूंनी एक डाव आणि दहा धावांनी जिंकले. त्या सामन्याचे नाव पुढे पडले ते 'वॉर्डचा मूर्खपणा'.

आपल्याकडे मोठ्या माणसाच्या चरित्रातून असे प्रसंग गाळायची रीत आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. दार मोठे केले म्हणून घरात चोर शिरतोच असे नाही, हे बँकेच्या संचालकाला पन्नाशीत मैदानावर शिकावे लागले. पैशाने माणसे बदलता येतात, नियम बदलता येतात, यष्ट्यांची मापे बदलता येतात. पण फुलर पिल्चचा डावा पाय पुढे पडायचा तो पडतोच.

पैसेवाले आणि क्रिकेट यावरून आपल्या गावची एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. १९४५ च्या मार्चमध्ये मुंबईला रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन तेव्हा लष्करात, महूच्या छावणीत. तो होळकरांकडून खेळला. जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. कॉम्प्टन स्वतः पुढे सांगत असे, की एका धनिकाने त्याला शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला रक्कम कबूल केली. कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या. संघ ३७४ धावांनी हरला. आणि परतल्यावर त्याला मिळाली चिठ्ठी, की शेठजींना महत्त्वाच्या कामासाठी तातडीने परगावी जावे लागले आहे! वॉर्डबद्दल निदान एवढे म्हणता येते, की त्याने चेक लिहिला.

१८३५ साली वॉर्डने लॉर्ड्सचा पट्टा सोडला. त्याची सांपत्तिक स्थिती तोवर पूर्वीची राहिली नव्हती. पट्टा घेतला जेम्स डार्कने, दोन हजार पौंड रोख आणि वर्षाला ४२५ पौंड अशा बोलीवर. हा डार्क कोण? लॉर्डच्या पहिल्या मैदानावर लहानपणी चेंडू गोळा करणारा पोरगा. घरचा धंदा क्रिकेटच्या सामानाचा. घरे बांधणारा त्या वेळीही मिळाला असता आणि त्याने दोन हजारांपेक्षा पुष्कळ जास्त दिले असते. मला वॉर्डच्या पाच हजारांच्या चेकपेक्षा हा दुसरा व्यवहार जास्त पटतो. सुबत्तेत घेतलेली गोष्ट तंगीत योग्य हाती देणे हे मला जास्त अवघड वाटते. हे माझे मत, कर्जखात्यात बसलेल्या माणसाचे.

पार्लमेंट त्याने १८३१ मध्येच सोडले होते. सुधारणा-कायद्याच्या चळवळीत लंडनचे वारे फिरले होते. १८३५ ला पुन्हा उभा राहिला आणि पडला. १८४७ साली त्याने चलनाविषयी एक पुस्तक लिहिले. १८१६ च्या कायद्याने इंग्लंडने फक्त सोन्याचे चलन प्रमाण मानले ते चुकले, सोने आणि चांदी दोन्ही धरायला हवी होती, असे त्याचे म्हणणे. कोणी फारसे ऐकले नाही. पण हा मुद्दा कोरडा नाही. आपला देश तेव्हा चांदीवर चालत होता. १८३५ पासून कंपनीचा रुपया एक तोळा वजनाचा, चांदीचा. इंदुरात होळकरांची स्वतःची टांकसाळ. लंडन सोन्यावर आणि हिंदुस्थान चांदीवर, या दोहोंमधल्या फरकाने शतक संपताना जी ओढाताण झाली, तिच्यापायी १८९३ साली सरकारला टांकसाळीत लोकांची चांदी घेणे बंद करावे लागले. ज्यांच्या घरी आजीच्या पेटीत राणीछाप रुपये निघाले असतील, त्यांनी त्यांचा भाव कसा पडला ते ऐकले असेल.

घरच्यांबद्दल दोन वाक्ये. त्याचा मुलगा विल्यम जॉर्ज वॉर्ड हा ऑक्सफर्डचा पंडित, धर्मशास्त्री. १८४५ साली विद्यापीठाने त्याच्या पुस्तकापायी त्याच्या पदव्या काढून घेतल्या आणि त्याच वर्षी तो कॅथलिक झाला. इंग्रजी विचारांच्या इतिहासात हा मुलगा बापापेक्षा मोठा मानला जातो. चुलतभाऊ सर हेन्री वॉर्ड सिलोनचा आणि मग १८६० साली मद्रासचा गव्हर्नर होऊन आला आणि काही आठवड्यांतच पटकीने मद्रासला वारला.

ज्या १८४५ मध्ये मुलाच्या पदव्या गेल्या, त्याच वर्षापर्यंत बापाचे नाव मोठ्या सामन्यांच्या धावफलकावर सापडते. वय अठ्ठावन्न. खालून टाकायच्या चेंडूचा जमाना संपून हात खांद्यापर्यंत नेऊन टाकायचा जमाना आला होता, आणि हा आपला जुना, जाडजूड फलंदाज अजून जात होता. ३० जून १८४९ रोजी तो लंडनमध्ये वारला. त्याच्या आदल्या वर्षी, १८४८ साली, मुंबईत पारशांनी आपला पहिला क्रिकेट क्लब काढला होता. त्यांतले बरेचसे व्यापाऱ्यांच्याच घरचे. कोटाबाहेरच्या मोकळ्या जागेत ते खेळत, आणि पुढे त्या जागेसाठी त्यांनाही गोऱ्यांच्या पोलोशी वर्षानुवर्षे भांडावे लागले. पण ते वेगळे व्याख्यान आहे, आणि सभेने बोलावले तर पुढच्या वर्षी देईन.

लॉर्ड्सचे पुढे काय झाले? वॉर्डकडे होता तो पट्टा, मालकी नव्हे. १८६० मध्ये मालकी लिलावात निघाली तेव्हा क्लबने बोलीच लावली नाही. आयझॅक मोझेस नावाच्या गृहस्थाने ती घेतली. सहा वर्षांनी क्लबला तीच जमीन १८,३३३ पौंडांना विकत घ्यावी लागली. ते पैसे उसने दिले विल्यम निकोलसनने. तोही हौशी खेळाडू, यष्टिरक्षक. धंदा जिनच्या भट्ट्यांचा. क्लबचे लाल-पिवळे रंग त्याच्या बाटलीवरून आले असे म्हणतात. एका दारूच्या व्यापाऱ्याने काढलेले मैदान पेढीवाल्याने राखले आणि शेवटी दुसऱ्या दारूवाल्याने सोडवले.

काका, तुम्ही अजून बसलेले आहात, त्याबद्दल आभार. मघाशी चहाच्या वेळी तुम्हीच मला सांगितलेत, की त्या कडुलिंबाखाली तुम्हीही खेळला होतात, माझ्या आधी वीस वर्षे, आणि तेव्हा तो झाड नव्हता, कुंपण घातलेले रोप होते. ते रोप कोणी लावले होते, ते मला व्याख्यानानंतर सांगा.